काच नोको लावू

पवनीत, बस स्टँडच्या मागं, माझं फ्रेमचं दुकान.
देव, मेलेले, आणि दहावीत पहिले आलेले,
एवढीच माणसं भिंतीवर.
त्यात एका दुपारी शशिकलाबाई हटवार
बाजाराच्या पिशवीतून अंधार घेऊन आल्या.

आधी अंधारच दिसला. तपकिरी, दाट,
बंद घाण्याच्या खोलीत साचतो तसला.
मग त्यातून हळूहळू पितळेचा गडवा,
गडव्यात पळस, काठावरून लोंबणारा बहावा,
तेरडा, लाखोळीचा एक वेल,
आणि पानावर पाण्याचा थेंब.
थेंबात खिडकी. खिडकीला तीन गज.

मी म्हटलं, बाई, पळस शिमग्याचा,
तेरडा पोळ्याच्या आगेमागे,
एका गडव्यात भेटले कसे?
"मी थांबली ना," म्हणाल्या.

त्यांच्या घरी खताच्या कंपनीचं कॅलेंडर होतं.
साल सरलं तरी खिळ्यावरच.
बारा पानं, हॉलंडातली जुनी फुलं,
आणि खाली बारीक अक्षरात
काढणाऱ्या बाईचं नाव, जे आम्हा दोघांनाही वाचता आलं नाही.
"पान डिसेंबरचं, भाऊ, अन् फुलं साऱ्या वर्षाची."

तेव्हापासून बाई चित्रात जागा सोडत.
मोहासाठी नखाएवढी,
तलावातल्या कमळासाठी तळहाताएवढी.
वर्षभर कापड पांढऱ्या भोकांनी भरलेलं,
कसर लागल्यासारखं.

जवसाचं फूल मात्र नडायचं.
सकाळी निळं उमलतं, अकराच्या आत पाकळ्या मातीत.
धान कापलेल्या बांधीत ते उभं, गुडघ्याखालीच,
आणि धुऱ्यावर बाई, मांडीवर फळी.
लोकांना वाटे, तेल्याची सून
पिकाचा हिशेब लिहिते.

रंग कालवायचा तोही जवसाच्याच तेलात.
सासऱ्याचा घाणा बसला, बैल विकला,
त्याच्या डोळ्यांची ढापणं खुंटीवर राहिली.
शेवटच्या पिंपातलं तेल
बाईंनी बाटल्यांत भरून टिनावर ठेवलं,
दोन उन्हाळे, पांढरं होईस्तोवर.
म्हणून माझ्या दुकानात चटणीचा वास.
मी डबा त्या चित्रासमोरच उघडायचो,
लोणचं कमी लागायचं.

कृषी सहायक भेंडारकर एकदा आला, लग्नाचा फोटो घ्यायला.
वेलावरची अळी त्यानं डोळे बारीक करून पाहिली.
"तिसरी अवस्था. फवारणीला उशीर झाला."
बाईंना सांगितलं तर इतक्या हसल्या
की पदर तोंडात धरावा लागला.

मी माप घेतलं, पट्टी कापली.
"काच नोको लावू. ओलं हाये. त्याले हवा पायजे."
किती दिवस?
"तेल सांगन."

मग भंडाऱ्याच्या शिबिरात
त्यांचा मोतीबिंदू काढला.
हिरवी पट्टी सुटल्यावर घरी जाण्याआधी दुकानात आल्या.
बराच वेळ बोलल्या नाहीत.
"माह्या जवसाले हिरवं कोनं केलं?"

मी कोपऱ्यातला बल्ब लावला, विझवला.
फूल हिरवटच होतं, तळ्याच्या कडेच्या पाण्यासारखं.
मला ते आजवर तसंच वाटत आलं होतं.
दोष तेलाचा की डोळ्याचा,
त्यांनाही ठरवता येईना.
कुंचला मागतील म्हणून मी शाळेच्या पोराचा ब्रश शोधू लागलो.
त्यांनी चित्र उचललं आणि पायरीवर, उन्हात टेकवलं.
"अंधारात ठेवलं का तेल पिवळं पडते.
ऊन देत जा त्याले. मी येतोच."

बुटीबोरीला गेल्या, लेकीकडे.
त्याला आता पाच जवस झाले.

दर रविवारी मी चित्र पायरीवर काढतो.
बसमधली माणसं खिडकीतून वाकून बघतात.
कुणी उतरून विचारतो, केवढ्याला?
मी करंगळी कोपऱ्याला लावतो.
बोट कोरडं येतं. गेल्या चार वर्षांपासून कोरडंच येतं.

ओलं आहे, मी म्हणतो.